थ्री-वायर पीटी-१०० कायम सहा अंश जास्त का दाखवतोय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गरम तेलाच्या लाइनवरचा थ्री-वायर पीटी-१०० (तापमानाबरोबर रेझिस्टन्स वाढणारा सेन्सर, म्हणजेच आरटीडी) स्क्रीनवर १५६ अंश सेल्सिअस दाखवतोय. शेजारच्याच थर्मोवेलमधला (लाइनमध्ये बसवलेल्या बंद नळीतला) कॅलिब्रेट केलेला थर्मामीटर मात्र १५०. वायरी जंक्शन बॉक्समधून थेट पॅनेलमधल्या आरटीडी कार्डावर (रेझिस्टन्स मोजून तापमान काढणाऱ्या कार्डावर) येतात, केबल बरीच लांब आहे.

लूप मॅन्युअलवर घेऊन, इंटरलॉक (प्लांट आपोआप बंद करणारी सुरक्षा) रीतसर बायपास करून मोजलं. हेडवर (सेन्सरच्या टोकावरच्या जोडणी-डबीत) वायरी सोडवून नुसतं एलिमेंट १५७.३ ओहम, तक्त्यात १५० अंशांना १५७.३३ आहे. मग हेडची जोडणी परत करून पॅनेलकडून, कार्ड सोडवून: लाल-लाल ४.२ ओहम (दोन्ही लाल एलिमेंटच्या एकाच टोकाला, पांढरी दुसऱ्या टोकाला), कोणत्याही लाल वायरीपासून पांढरीपर्यंत १६३.८. कार्डाला डिकेड बॉक्समधून (हवा तो रेझिस्टन्स लावता येणाऱ्या पेटीतून) १३८.५१ ओहम दिले की बरोबर १०० अंश येतात.

थ्री-वायरमध्ये केबलचा रेझिस्टन्स आपोआप वजा होतो ना? मग हे सहा अंश कुठून आले? नवीन फोर-वायर केबल ओढायचं घाटतंय, त्याआधी कारण समजून घ्यायचंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
एलिमेंटमध्ये ओलावा शिरला असेल. मेगर करून (जास्त व्होल्टेजने इन्सुलेशन तपासून) बघा, पण कार्ड सोडवूनच.

प्रतिसाद २
ओलावा नसावा. इन्सुलेशन गळायला लागलं की एलिमेंटला समांतर वाट मिळते आणि रीडिंग कमी येतं. इथे उलट आहे.

उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. कार्ड १६३.८ मधून ४.२ वजा करतं, उरतात १५९.६, म्हणजे १५६ अंश. कार्डाचं काहीच चुकत नाहीये. पण ही वजाबाकी तिन्ही वायरींचा रेझिस्टन्स सारखा असेल तरच खरी ठरते. तुमच्या लाल वायरी २.१ च्या आहेत आणि पांढरीच्या वाट्याला ४.४ येतात. ते जादाचे २.३ ओहम कोणीच वजा करत नाही. १५० च्या आसपास एका अंशाला सुमारे ०.३७ ओहम पडतात, भागून बघा.

आता जागा शोधा. आधी हेडवर एलिमेंट बाजूला ठेवून तिन्ही वायरी शॉर्ट करा आणि पॅनेलकडून मोजा, मग तेच जंक्शन बॉक्समध्ये. माझा संशय लग्जवर (वायरीच्या टोकाला दाबून, म्हणजे क्रिंप करून, बसवलेल्या धातूच्या टोप्यांवर) आहे: सैल स्क्रू, काळं पडलेलं तांबं, किंवा इन्सुलेशनवरच बसलेला क्रिंप.

फोर-वायरमध्ये व्होल्टेज मोजणाऱ्या वायरींतून जवळजवळ करंटच जात नाही, त्यामुळे हा फरक दिसणार नाही. पण तोच लग तसाच राहिला तर एक दिवस ओपन होईल आणि प्लांट ट्रिप होईल.

धागाकर्ता
हेडवर शॉर्ट केल्यावर लाल-लाल ४.२, लाल-पांढरी ६.५. बॉक्समध्ये शॉर्ट केल्यावर मात्र दोन्ही आकडे एकमेकांसारखेच! म्हणजे दोष बॉक्स ते हेड या तुकड्यात. नुसता पांढरीचा लग बदलला तर पुरे का?

प्रतिसाद २
तिन्ही बदला, दोन्ही टोकांना. चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापा, नव्याने क्रिंप करा. मधे कुठे पातळ वायरचा सांधा दिला आहे का तेही पाहा. मग हेडवर परत शॉर्ट करून मोजा, दोन्ही आकडे जुळले की एलिमेंट जोडा.