'प्रॉग्नोसिस'ला भाकीत म्हणायचं का?

तळटीप:
मेंदूच्या कर्करोगावरचं एक माहितीपत्रक मराठीत आणते आहे आणि एका शब्दापाशी दोन दिवस अडले आहे. विषय असा: गाठीच्या एमआरआयचं संगणकाकडून विश्लेषण करून रुग्णाचं पुढे कसं होईल (म्हणजेच प्रॉग्नोसिस) हे आधी ताडता येईल का, यावरचं संशोधन. मी लिहिलं, 'संगणक आजाराचं भाकीत करतो.' तपासणाऱ्या बाईंनी भाकीत खोडून 'पूर्वानुमान' केलं. मला ते हिंदी बातम्यांतलं वाटतं. पण भाकीत हा शब्द रुग्णाच्या हाती द्यायलाही मन धजत नाही. तुम्ही काय म्हणता?

जुनी पाटी:
भाकीतच ठेवा, ताई. आपला शब्द आहे. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे, हे अनुमान. ती आग आत्ताची, उद्याची नव्हे. म्हणून मागे 'पूर्व' चिकटवावं लागलं आणि शब्द ना तर्कशास्त्राचा राहिला ना बोलण्यातला.

क्षकिरण:
मी रोज हे स्कॅन बघतो. आम्ही सरळ 'प्रॉग्नोसिस चांगला नाही' म्हणतो. (माझी सहकारी 'चांगलं नाही' म्हणते, ते जाऊ द्या.) पण संगणक भाकीत करत नाही, हे आधी लक्षात घ्या. स्कॅनवर गाठीभोवती रेघ आखतात. मग तिचा आकार, आतल्या ठिपक्यांचा उजळपणा, तिचा पोत यांचे शेकडो आकडे निघतात. ज्यांचं पुढे काय झालं ते माहीत आहे, अशा जुन्या रुग्णांच्या आकड्यांशी ते ताडून पाहतात. रेडिओमिक्स हे त्याचं नाव २०१२च्या सुमारास रूढ झालं. उत्तर येतं ते शक्यतेचं. शिवाय मशीन बदललं की आकडे हलतात, त्यामुळे एका ठिकाणी जमलेलं गणित दुसरीकडे घसरू शकतं. मी 'अंदाज' म्हणेन.

शब्दवेल्हाळ:
अंदाज फार सैल आहे. नेमका शब्द आपल्या वैद्यकात आहे: साध्यासाध्यता, म्हणजे रोग बरा होणारा की न होणारा. चरकसंहितेत रोग सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य (कष्टाने बरा होणारा), याप्य आणि असाध्य असे वेगळे काढले आहेत. याप्य म्हणजे मुळातून न जाणारा, पण उपचार चालू असेतो आटोक्यात राहणारा. एवढी बारीक छटा असलेला शब्द आपण टाकून दिला, याचं वाईट वाटतं.

जाईजुई:
साध्यासाध्यता वाचून पेशंटला काय कळणार हो? माझ्या भावाला ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा एक आक्रमक कर्करोग, होता. आम्हाला सांगितलं गेलं, 'सरासरी पंधरा महिने.' आईने त्याच रात्री बोटांवर महिने मोजले, पंधरावा महिना डायरीत लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. भाऊ सव्वीस महिने होता. सोळाव्या महिन्यापासून आई रोज सकाळी त्याच्या दाराशी थांबून श्वास ऐकायची, मगच आत जायची. पुढे मी वाचलं तेव्हा कळलं, तो आकडा सरासरी नव्हताच, मध्यक होता. शाळेत शिकलो होतो की: निम्मे अलीकडे, निम्मे पलीकडे. 'पलीकडे निम्मे आहेत' एवढं कुणी म्हणालं असतं तर! भाक म्हणजे वचन. भाकीत आणि भाक एकाच घरचे असावेत असं मला तेव्हापासून वाटतं, कारण आईने ते वचनासारखंच ऐकलं.

क्षकिरण:
ताई, तुमचं बरोबर आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत किरणोपचारासोबत टेमोझोलोमाइड हे औषध घेतलेल्यांचा मध्यक १४.६ महिने आला, नुसत्या किरणोपचारावर १२.१. पण औषध घेतलेल्या गटातले २६.५ टक्के रुग्ण दोन वर्षांनीही हयात होते. तुमचा भाऊ तशांतला. आकडा गटाचा असतो. त्या गटात हा एक माणूस कुठे बसेल, तेच या विश्लेषणातून शोधायचं आहे.

तळटीप:
माझ्याही मसुद्यात 'सरासरी'च होतं. आत्ता बदललं. जाईजुई, मनापासून आभार. आणि तो 'पोत' मी 'संरचना' केला होता, तोही चुकलाच का?

जुनी पाटी:
पोत कापडाचा, मातीचा. हाताला कळतो तो पोत. स्कॅनमध्ये हात कुठे लागतो? 'वीण' म्हणा.

क्षकिरण:
वीण म्हटली की धागे आले. इथे शेजारशेजारच्या ठिपक्यांत करड्या छटांच्या कोणत्या जोड्या किती वेळा येतात ते मोजतात. १९७३ साली ही मोजणी मांडली गेली तेव्हा ती वालुकाश्माच्या सूक्ष्मचित्रांवर आणि विमानातून काढलेल्या जमिनीच्या फोटोंवर तपासली होती. म्हणजे तुमच्या मातीपासून फार लांब नाही. ग्लिओब्लास्टोमात बहुतेकदा मधे काळपट मेलेला भाग आणि भोवती खडबडीत उजळ कडं दिसतं. ते बघितलंत तर तुम्हीही पोतच म्हणाल.

शब्दवेल्हाळ:
मग 'गाठ' तरी का? अर्बुद म्हणा. गाठ काखेतही येते.

जाईजुई:
गाठच राहू द्या. भावाने शेवटपर्यंत 'माझी गाठ' म्हटलं.

शब्दवेल्हाळ:
त्यांच्या तोंडी शोभलं. माहितीपत्रकात शब्द नेमका हवा, यावर मी ठाम आहे.

तळटीप:
गाठ ठेवते आहे. आणि भाकीत काढून असं लिहिलंय: 'तुमच्यासारख्या रुग्णांचं पुढे काय झालं त्यावरून संगणक अंदाज बांधतो. तो चुकू शकतो.' एका शब्दाची दोन वाक्यं झाली.

जुनी पाटी:
वाक्यं चांगली आहेत. पण अंदाज करतात, बांधतात ते आडाखे.

क्षकिरण:
आमच्याकडे अंदाजही बांधतात.