बेंचवर बसायचं की बेलिंगहॅमसारखं बाहेर पडायचं?

मैदानवेडा
काल इथे फुटबॉलच्या चर्चेत कुणीतरी लिहिलं, "इंग्लिश मिडफिल्डरने १७व्या वर्षीच देश सोडावा, बेलिंगहॅम बघा." वाचून डोकंच फिरलं. बेलिंगहॅम २०२० ला जर्मनीच्या डॉर्टमुंडला गेला, पण त्याआधी बर्मिंगहॅम सिटीकडून १६व्या वर्षी पदार्पण करून चाळीसच्या वर सामने खेळला होता. तेही चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये, थोराड बाप्यांच्या लाथा खात. इंग्लंडचा मिडफिल्डर व्हार्टन तसाच. ब्लॅकबर्नला घडला, २०२४ च्या सुरुवातीला प्रीमियर लीगच्या क्रिस्टल पॅलेसला आला आणि त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या युरो कपच्या संघात. देश सोडण्यात काही नाही, खरे सामने मिळायला हवेत.

कोथरूडकर
मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. मँचेस्टर युनायटेडच्या मैनूचं काय झालं? मे २०२४, वेंबली, एफए कपच्या फायनलमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध गोल. जुलैत युरोची फायनल, सुरुवातीच्या अकरांत, वय १९. आणि २०२५-२६ सुरू झालं तेव्हा कोच अमोरिमने लीगमध्ये बेंचवर बसवला. एंजेल गोम्स त्याच युनायटेडमधून २०२० ला निघाला, फ्रान्सच्या लीलमध्ये घडला, २०२४ ला इंग्लंडकडून खेळला. आणखी काय पाहिजे?

सिटीवाला ठाणेकर
आमच्या मँचेस्टर सिटीचा फोडेन. २०१७ ला पदार्पण, एकदाही लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडे उसना नाही, २०२४ ला खेळाडूंच्या संघटनेचा, पीएफएचा, सर्वोत्तम खेळाडू.

निळाई
पोरांना कसला दोष देताय? विकत आणलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर विभागून मांडतात. अकादमीतल्या पोराची वहीतली किंमत शून्य, म्हणजे विकला की अख्खी रक्कम त्याच वर्षीचा नफा. म्हणून २०२३ ला आमच्या चेल्सीच्या अकादमीतला माउंट गेला, ज्याच्या पासवर आम्ही २०२१ ची चॅम्पियन्स लीग जिंकलो. म्हणून २०२४ ला गॅलघर गेला. चार क्लबांत लोनवर फिरून आला, कॅप्टनचा पट्टा बांधून जीव तोडून पळाला, तरी विकला!

कोथरूडकर
आलं चेल्सीचं रडगाणं. विषय काय, तू बोलतोस काय.

निळाई
हाच विषय आहे! निर्णय पोरांच्या हातात असतो हे तुला कुणी सांगितलं?

मैदानवेडा
नफ्याचं मान्य. पण माउंटच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं आणि नव्या करारावर एकमत झालं नाही, हे सोयीस्कर गाळू नकोस.

मिडलँड्सची मावशी
माझा भाचा इथेच इंग्लंडमध्ये वाढला. नवव्या वर्षापासून एका क्लबच्या अकादमीत, मिडफिल्डलाच. १६व्या वर्षी स्कॉलरशिप द्यायची, म्हणजे पुढे अकादमीत ठेवायचं की नाही ते ठरतं. आत बोलावलं, पाच मिनिटांत बाहेर. ताई गाडीत थांबली होती. त्याने बुटांची पिशवी मागच्या सीटवर फेकली, "घरी चल" म्हणाला, बास. नंतर कितीतरी महिने बॉलला पाय लावला नाही. तुम्ही मोजताय ती सगळी चाळणीत वर राहिलेली नावं. खाली पडलेल्यांचं कोण लिहिणार?

कोथरूडकर
मावशी, वाईट वाटलं. पण मी तेच म्हणतोय, एकाच क्लबच्या भरवशावर राहू नये.

सिटीवाला ठाणेकर
ज्याला गावच्या क्लबने ठेवलं नाही त्याला डॉर्टमुंड बोलावणार होतं का? कुणासमोर काय बोलतोय ते तरी बघ.

कोथरूडकर
बरं, १७चा हट्ट सोडला. आधी चाळीस सामने खेळावेत. पण नंतर जावंच.

मैदानवेडा
मग माझा पहिला प्रतिसाद काय होता?

निळाई
आणि हिशोबाचा तो नियम? घरचं पोरगं ठेवणाऱ्या क्लबला त्यात सवलत मिळायला हवी की नको, एवढं तरी कुणी सांगा.