ॲपल पिकिंग कधी? तारीख ठरवा! (एडिसन, न्यू जर्सी मराठी मंडळी ग्रुप)

प्रसाद: मंडळी, यंदा सगळे मिळून ॲपल पिकिंगला, म्हणजे बागेत स्वतः सफरचंदं तोडायला जाऊया का? ऑक्टोबरचा तिसरा शनिवार कसा वाटतो? पानांना रंग आलेला असेल, फोटो मस्त येतील.

केतकी: आम्ही नक्की! पण हनीक्रिस्प मिळायला हवीत. आमची कन्या दुसरं सफरचंद तोंडात घालत नाही.

मीनलताई: तुम्हा दोघांचं एका दिवसात जमायचं नाही. हनीक्रिस्प सप्टेंबरच्या मध्याला तयार होतं आणि जो तो त्याच्यावरच तुटून पडतो. ऑक्टोबर लागेपर्यंत झाडं बोडकी. आणि तिकडे न्यू यॉर्कमधल्या वॉरविककडच्या डोंगरांवर रंग चढतो तो ऑक्टोबर अर्धा सरल्यावर. तेव्हा बागेत फुजी, ग्रॅनी स्मिथ असल्या उशिराच्या जाती. पानं बघा नाहीतर हनीक्रिस्प खा.

प्रसाद: मग मधलं काहीतरी. ऑक्टोबरचा पहिला रविवार?

सुजय: अरे, त्याच सुमारास वॉरविकला ॲपलफेस्टची जत्रा असते. गाडी गावात शिरेपर्यंत संध्याकाळ होईल.

केतकी: मग ऑक्टोबरातलाच कोलंबस डेच्या सुट्टीचा लाँग वीकेंड?

मीनलताई: अर्धं न्यू यॉर्क शहर तेव्हाच निघतं. पार्किंग भरलं की बागवाले फाटकावरूनच परत पाठवतात.

विकास: मग सप्टेंबरअखेर धरू. फक्त शेवटचा शनिवार मला जमणार नाही, मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम आहे आणि मी ढोलपथकात आहे. रविवार चालेल.

मीनलताई: रविवारच धरा. सकाळी उघडल्या उघडल्या पोचायचं. इथून सव्वा-दीड तास लागतो.
आणि केतकी, खरं सांगू? हनीक्रिस्पसाठी एवढ्या लांब जायची गरजच नाही. ते प्रत्येक दुकानात मिळतं, तेही बारा महिने. मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये ती जात बाजारात आणली ती कुरकुरीतपणा टिकतो म्हणूनच. बागेत जायचं ते मॅकिंटॉश आणि मॅकूनसाठी. ताजं मॅकिंटॉश झाडावरून काढून तिथेच खा, रसाने हात माखतात. तेच थोडे दिवस ठेवलं की पिठूळ होतं, म्हणून दुकानातलं मॅकिंटॉश खाऊन लोक त्याला नावं ठेवतात. मॅकून सप्टेंबरअखेरीसच येतं. एम्पायरही मिळेल. ते न्यू यॉर्कचंच, कॉर्नेल विद्यापीठाच्या तिथल्याच जिनिव्हा गावातल्या केंद्रातलं, १९६६ चं.

सुजय: पण ताई, कॉस्टकोत निम्म्या पैशात मिळतात.

मीनलताई: मिळतात की. स्वस्त पडेल म्हणून कोणी येणार असेल तर त्याने घरीच थांबावं. पण मार्च-एप्रिलमध्ये आपण इथली जी सफरचंदं खातो ती आदल्या हंगामातली असतात, ऑक्सिजन कमी केलेल्या थंड गोदामात ठेवलेली.

प्रसाद: साइटवर पेक आणि हाफ बुशेल लिहिलंय. म्हणजे किती?

मीनलताई: पेक म्हणजे साधारण दहा पौंड, साडेचार किलो. हाफ बुशेल त्याच्या दुप्पट. चौघांना एक पेक पुष्कळ झाला. काही ठिकाणी माणशी प्रवेश फी असते, काही ठिकाणी नुसते पिशवीचे पैसे. प्रत्येक माणसाला पिशवी घ्यायला लावणाऱ्या बागेत मी जात नाही. गेल्या खेपेला एकाने हौसेने अख्खा बुशेल घेतला होता आणि दिवाळीपर्यंत आम्हाला त्याच्या घरी चहाबरोबर सफरचंदच मिळत होतं. नाव सांगत नाही.

सुजय: नाव सांगायची गरज नाही ताई

अप्पा (विकासचे बाबा): नमस्कार. मी सध्या इथे आलो आहे. देवगडला आमची हापूसची बाग आहे. सफरचंद देठासकट काढतात का? झेला, म्हणजे फळ काढायची जाळीची काठी, लागतो का? आमच्याकडे दापोली विद्यापीठाचा नूतन झेला वापरतात, त्याला पातं असतं.

मीनलताई: नमस्कार अप्पा! देठासकटच काढायचं, त्याने फळ जास्त टिकतं. पण झेला लागणार नाही, झाडं बुटकी असतात, हात पोचतो. फळ तळव्यात धरायचं, वर उचलायचं आणि हलकंसं फिरवायचं. तयार असेल तर आपसूक हातात येतं. खाली ओढलं तर बारकी काटकी तुटून येते, आणि पुढच्या वर्षीचं फूल त्याच काटकीवर यायचं असतं.

अप्पा (विकासचे बाबा): म्हणजे मोहोरच तोडला. पोरांना आधी सांगा. झाडं बुटकी म्हणजे बुटक्या खुंटावरची कलमं असणार.

मीनलताई: अगदी बरोबर. आणि लाल दिसलं म्हणजे पिकलं असं नाही. देठाजवळचा हिरवा रंग पिवळट झाला का बघायचं. बाहेरच्या, उन्हाकडच्या फांद्यांवरची आधी तयार होतात.

केतकी: खाली पडलेली चालतील ना? आमचं ध्यान वाकून तेवढंच गोळा करेल.

मीनलताई: नको. बागेत हरणं फिरतात, त्यांच्या लेंड्यांतून ई. कोलाय जंतू येऊ शकतो. गोळा करू दे, तोंडात घालू देऊ नकोस. आणि सगळ्यांनी फुल पँट, मोजे पँटवर ओढून. गवतात गोचीड असतात आणि या भागात त्यांच्या चाव्याने होणारा लाइमचा आजार आहे. घरी आल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे भाग, कानामागची जागा बघा.

सुलभामावशी: मी तिखटमिठाच्या पुऱ्या करून आणते.

मीनलताई: मावशी, बऱ्याच बागांत बाहेरचं खाणं चालत नाही. पुऱ्या आणाच, येताना वाटेतल्या पार्कात बसू.

सुलभामावशी: ते सायडर डोनट म्हणतात त्यात अंडं असतं का ग?

मीनलताई: बहुतेक असतंच. तुम्ही सायडर प्या. दारू नव्हे, न गाळलेला रस असतो. मुलांना द्यायचा तर बाटलीवर पाश्चराइज्ड लिहिलेलं बघून घ्या.

सुलभामावशी: मग मला हिरवी आंबट आणा, कैरीसारखं लोणचं घालते.

मीनलताई: ग्रॅनी स्मिथ सप्टेंबरात तयार नसतं हो. कॉर्टलंड मिळालं तर घेऊ. चिरल्यावर लवकर काळं पडत नाही, कोशिंबिरीला उत्तम. मॅकिंटॉश शिजवलं की पार मऊ होतं, त्याचा शिरा करा.

अप्पा (विकासचे बाबा): घरी आणल्यावर डागी फळं आधी बाजूला काढा. एक नासका आंबा अख्खी आढी नासवतो.

मीनलताई: इथेही तेच अप्पा. आणि फ्रीजमध्ये पालेभाजीपासून लांब ठेवा, सफरचंदाच्या वायूने पाला पिवळा पडतो.

प्रसाद: मग बुकिंग करू?

मीनलताई: शुक्रवारी आधी बागेच्या साइटवर बघ. बहर दरवर्षी सारखा नसतो. २०२३ मध्ये १८ मेच्या पहाटे गारठा पडला आणि न्यू यॉर्क, न्यू इंग्लंडमधल्या कितीतरी बागांचं फळ गेलं.

अप्पा (विकासचे बाबा): आमच्याकडे अवकाळी आणि तुडतुडा. बागायतदाराला सुख नाही.

प्रसाद: ठीक. सप्टेंबरचा शेवटचा रविवार पक्का. माझ्या गाडीत तीन जागा आहेत. पैसे बँकेच्या झेलवर (Zelle) पाठवा. आणि पानांच्या फोटोंसाठी मी ऑक्टोबरचा वेगळा ग्रुप काढतो.

विकास: आधी या ग्रुपवर किती जण येणार ते तरी लिहा.

केतकी: +३, त्यात एक कार सीट

सुजय: +२. आणि यंदा फक्त एक पेक.