वाडीतली बंद शाळा: पाडायची की राखायची?

चाकरमानी:
आमच्या कोकणातल्या वाडीची जिल्हा परिषद शाळा पट शून्यावर आल्याने बंद झाली. आता ग्रामपंचायतीत इमारतीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती निकामी ठरवून पाडायचा ठराव येतोय. पाडून तिथे स्लॅबचं सभागृह बांधणार म्हणे. माझा ठाम विरोध आहे. जांभ्याच्या जाडजूड भिंती, सागवानी वासे, मंगलोरी कौलं. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, त्याच्याही आधीची, लोकल बोर्डाच्या काळातली ही इमारत. जागा वाडीतल्याच घराण्याने बक्षीसपत्राने दिलेली, चिरे गावकऱ्यांनी डोक्यावरून आणलेले. वाचनालय करा, बचतगटाला द्या, पण पाडू नका.

घाटावरचा:
भावना कळतात हो, पण वारसा कसला? केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात १०० वर्षांची अट आहे, आणि नुसतं वय भरलं म्हणून कोणी पाटी लावत नाही. अशा शाळा कोकणात वाडीवाडीला आहेत. दरवर्षी कौलांची शाकारणी कोण करणार ते सांगा. तुम्ही गणपतीला येणार, शिमग्याला येणार, फोटो काढून जाणार. मे महिन्यात कौलं परतायला माणूस मिळत नाही, फोडायला माकडं मात्र हजर. एक पावसाळा गळलं की रिपा कुजतात, मग वासे. २०१७ मध्ये नगरजवळच्या निंबोडीत शाळेचं छत कोसळून मुलं दगावली, विसरलात?

चाकरमानी:
निंबोडीवरून धडा घ्यायचा तर दुरुस्ती वेळेवर करायचा घ्या. सरसकट पाडायचा कसा?

निवृत्त बाई:
तुम्ही दोघे भिंतींवरून भांडताय. शाळेचं जनरल रजिस्टर कुठे आहे? जन्मतारीख, जात, आजोबांचं नाव, सगळं त्यात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधताना शाळांची हीच जुनी रजिस्टरं चाळली गेली, काही मोडी लिपीतली. शाळा बंद झाली की दप्तर दुसऱ्या शाळेत जातं, आणि तिथल्या कपाटात वाळवी लागली तर कोणाला पत्ता नसतो. चिरे पुन्हा मिळतील.

वाडीतली आई:
मी इथेच राहते, म्हणून जरा वेगळं बोलते. मला वारसा नको, सभागृहही नको. पट आपोआप शून्य झाला नाही. शिक्षक एकच, तोही निम्मा वेळ बैठका आणि माहिती भरण्यात. मग आम्ही मुलं खालच्या इंग्रजी शाळेत घातली. शिक्षणहक्काच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी. उद्या इथे वाचनालयाची पाटी लागली की शाळा परत मागायला आम्ही कुठल्या तोंडाने जायचं? चार मुलं जमली तर ही खोली शाळा म्हणूनच मोकळी हवी.

घाटावरचा:
ताई, मुलं तुम्हीच काढलीत ना? आता छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार चाललाय, त्यात चार मुलांसाठी कोण शिक्षक देणार?

वाडीतली आई:
समूह शाळेची गाडी पावसात आमच्या घाटीपर्यंत येते का ते आधी बघून या. मग बोलू.

चाकरमानी:
बाई, रजिस्टरचं केंद्रप्रमुखांना विचारतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ताईंचा मुद्दाही पटला, वाचनालयाचा हट्ट सोडला. पण ठरावात इमारत धोकादायक असल्याचा अभियंत्याचा अहवाल जोडलेला नाही, दुरुस्तीचं अंदाजपत्रकही नाही. नुसतं ‘जीर्ण’ लिहिलंय. ग्रामसभेत आधी तेच मागा. यंदाच्या शाकारणीची वर्गणी आमचं मुंबईचं मंडळ काढेल.

घाटावरचा:
यंदाची काढाल. पुढच्या वर्षीची कोण काढणार, ते मंडळाच्या लेटरहेडवर लिहून द्या, मग माझा विरोध नाही.