गर्भातील बाळाची हालचाल मंदावणे: संशोधनात नेमके काय मोजावे?

प्रश्न (निवासी डॉक्टर, प्रसूतिशास्त्र)

नमस्कार. शेवटच्या तिमाहीत ‘बाळ नेहमीपेक्षा कमी हलते आहे’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मातांवर माझा प्रबंध आहे. आधीचे अभ्यास वाचताना असे दिसते की कोणी उपजत मृत्यू (बाळ मृत जन्मणे) मोजतो, कोणी पाचव्या मिनिटाचा ॲपगर गुणांक (जन्मताच बाळाच्या प्रकृतीला दिलेले दहापैकी गुण), कोणी एनआयसीयूमधील (नवजात अतिदक्षता विभागातील) भरती, तर कोणी या सगळ्यांची मोट बांधून ‘प्रतिकूल परिणाम’ असा एकच आकडा देतो. माझे मार्गदर्शक असा एकत्रित आकडाच घ्यावा असे सुचवतात. पण मग माझ्या निष्कर्षांची तुलना कोणाशी करायची?

उत्तर १ (प्रसूतितज्ज्ञ)

डॉक्टर, ही अडचण मोठ्या चाचण्यांनाही चुकलेली नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधील ३३ रुग्णालयांत झालेल्या ‘अफर्म’ चाचणीने (२०१८) उपजत मृत्यू गर्भारपणाच्या २४ आठवड्यांपासून मोजले, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ‘माय बेबीज मूव्हमेंट्स’ने २८ आठवड्यांपासून, आणि स्टॉकहोमच्या ‘माइंडफीटलनेस’ने ॲपगर सातपेक्षा कमी असणे हाच मुख्य परिणाम मानला. तिन्ही अभ्यास मातेला हालचालीकडे सजगपणे पाहायला शिकवण्याविषयीचे आहेत, तरी त्यांचे मुख्य आकडे एका तक्त्यात मांडून बेरीज करता येत नाही.

‘अफर्म’मध्ये चार लाखांहून अधिक गर्भधारणा होत्या. तेथे उपजत मृत्यूचे प्रमाण हजारी ४.४० वरून ४.०६ वर आले, पण हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरला नाही. सिझेरियनचे प्रमाण मात्र २५.५ टक्क्यांवरून २८.४ टक्के झाले. केवळ मृत्यूच मोजले असते, तर या उपायाची मातांना मोजावी लागणारी किंमत कोणाच्या लक्षात आली नसती. म्हणून समान परिणाम-संचात (सर्व अभ्यासांनी मोजायच्या परिणामांच्या ठरलेल्या यादीत) लाभाइतकेच अपाय असायला हवेत, हे माझे ठाम मत आहे.

उत्तर २ (जैवसंख्याशास्त्र)

एकत्रित आकड्याबाबत मार्गदर्शकांची अडचण समजते: उपजत मृत्यू इतके विरळ असतात की काहीशे मातांच्या प्रबंधात त्यावर निष्कर्ष काढणे अशक्य आहे. पण मोट बांधली की एनआयसीयूतील भरती संख्येने बाकी सर्वांना झाकून टाकते, आणि ती भरती बाळाच्या प्रकृतीइतकीच त्या रुग्णालयाच्या धोरणावर आणि रिकाम्या खाटांवर अवलंबून असते. एकत्रित आकडा द्यायचाच असेल तर घटकांचे आकडे सुटे सुटे छापावेत.

छेदाकडेही (ज्या एकूण संख्येने भागून प्रमाण काढतो तिच्याकडे) लक्ष द्या, कारण याविषयी फारसे कोणी बोलत नाही. ‘अफर्म’चा छेद रुग्णालयातील सर्व प्रसूती हा होता, तर तुमचा छेद केवळ तक्रार घेऊन आलेल्या माता हा असेल. घरीच थांबलेल्या माता तुमच्या नोंदीत कधीच येणार नाहीत.

काय मोजावे हे ठरवण्यासाठी २०१० पासून ‘कॉमेट’ उपक्रम आहे, आणि स्त्री-आरोग्याच्या नियतकालिकांच्या संपादकांनी २०१४ मध्ये त्याच हेतूने ‘क्राउन’ उपक्रम सुरू केला. परिणामांची लांबलचक यादी करून माता, सुईणी, डॉक्टर आणि संशोधक यांच्याकडून डेल्फी पद्धतीने फेऱ्याफेऱ्यांत गुण घेतले जातात आणि सहमतीने किमान संच ठरतो. त्यापलीकडे आणखी काही मोजायला मनाई नसते. मात्र ‘काय मोजावे’ ठरले तरी ‘कसे आणि कधी मोजावे’ हा वेगळा प्रश्न उरतोच.

उत्तर ३ (एक आई)

मी डॉक्टर नाही, तरी लिहिते. तपासणीनंतर ‘सगळे ठीक आहे’ असे सांगितल्यावर माझी भीती गेली की वाढली, आणि पुन्हा हालचाल कमी वाटली तर परत यायला मी संकोचले का, हे तुमच्या कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. संकोचामुळे आई आलीच नाही, तर पुढच्या मोजण्याला काय अर्थ उरला?

प्रश्नकर्ती

ताई, आपला मुद्दा प्रबंधात घेते. सर, उपजत मृत्यू मोजताना आपल्याकडे २८ आठवड्यांची मर्यादा रूढ आहे, तीच ठेवू का?

उत्तर २ (जैवसंख्याशास्त्र)

मुख्य विश्लेषणात तीच ठेवा, कारण आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनाही २८ आठवडेच सुचवते. परंतु प्रत्येक प्रसूतीचे पूर्ण आठवडे आणि बाळाचे वजन कच्च्या नोंदीत जरूर लिहा, म्हणजे २४ आठवड्यांची व्याख्या वापरणाऱ्याला तुमच्याच नोंदींतून आपला आकडा काढता येईल. संशोधन-नैतिकता समितीकडे आराखडा पाठवण्यापूर्वीच मुख्य परिणाम लेखी निश्चित करा. माहिती हाती आल्यावर तो बदलू नका.