सोयाबीन धरायचं की सोडायचं : पोकरचा हिशेब धंद्यात चालतो का?

अडत_लातूर
मी लातूरला अडतीवर बसतो, थोडी स्वतःची खरेदीही करतो. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला 10,000 च्या वर गेलं तेव्हा माझ्याकडे जुना माल पडून होता. बँकेची सगळी सीसी (धंद्यासाठीची फिरती कर्जमर्यादा) त्या एकाच मालात अडकवलेली. विकला, पैसा झाला, बाजारात लोक हुशार म्हणाले आणि मलाही ते खरं वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात भाव 7,000 च्या वर असताना पुन्हा तसाच माल धरला. दिवाळीच्या सुमाराला पाच हजारांच्या आसपास सोडावा लागला.

दोन्ही वर्षी मी एकच गोष्ट केली. मग ती एकदा बरोबर आणि एकदा चूक कशी? माझं आता ठाम मत आहे की दोन्ही वेळा चूकच होती, पहिल्यांदा पत्ता चांगला पडला एवढंच.

हे डोक्यात आलं ते भाच्याकडून पोकर समजून घेताना. आपल्या तीन पत्तीसारखाच पैशाचा खेळ, पण प्रत्येकाचे दोन पत्ते लपलेले आणि पाच सगळ्यांसाठी मध्ये उघडे. त्यातला हिशेब असा: मध्ये 1,000 रुपये साचलेत, समोरच्याने 500 लावले. तुम्ही 500 घालून 1,500 मिळवायला निघालात. चारातून एकदा जिंकलात तरी बरोबरी होते. त्याहून कमी शक्यता वाटली तर पत्ते टाकायचे, म्हणजे डाव सोडायचा.

हेच मालाला लावा. भाव 4,500. तीन महिने धरला तर वर्षाला 12 टक्क्यांनी व्याज 135 रुपये, वखार, हमाली, वजनातली घट धरून आणखी 65. म्हणजे क्विंटलमागे 200 रुपये आधीच गेले. चढला तर 500 चढेल, पडला तर 300 पडेल असं धरू. मग शंभरात किमान बासष्ट-त्रेसष्ट वेळा तरी भाव चढायला हवा, तेव्हा कुठे बरोबरी. "चढेलच की" म्हणणाऱ्यांपैकी किती जण हा आकडा काढतात? मी वीस वर्षं काढला नव्हता.

सरकी_सेलू
दादा, आकडेमोड पटली, पण तुम्ही म्हणायलेत तो खेळ आणि आपला धंदा यात मोठा फरक आहे. पत्ते 52 असतात, मधेच कुणी त्रेपन्नावा घालत नाही. 2021 लाच बघा. ऑगस्टात केंद्राने 12 लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. डिसेंबरात सेबीने, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सात शेतमालांचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) बंद केले, त्यात सोयाबीन होतं. हे शंभरात किती वेळा होतं ते सांगा! तुमचे ते 500 आणि 300 कुठून आले? अंदाजानेच ना? अंदाजावर भागाकार केला म्हणून तो हिशेब होत नाही.

आणि शेतकऱ्याला वर्षात हात, म्हणजे डाव, किती मिळतात? खरीप आणि रब्बी, दोन. रब्बीही पाणी असेल तर.

अडत_लातूर
भाऊ, नियम मधेच बदलतात म्हणूनच तर सगळं एका मालात घालायचं नाही. पोकरमधे पहिल्याच वाटपात दोन एक्के आले तर त्याहून चांगली सुरुवात नाही. तरी शेवटपर्यंत खेळलं तर कुठल्याही आलतूफालतू हातासमोर शंभरात पंधराएक वेळा ते हरतात. म्हणून जाणता खेळाडू घरचं सगळं एका डावावर लावत नाही. मी लावलं होतं.

गणिताचा_तास
शिकवतो गणित, त्यामुळे राहवत नाही. पोकरचा आणि आर्थिक निर्णयांचा संबंध आजचा नाही. जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 मध्ये खेळांच्या गणितावर पायाभूत शोधनिबंध लिहिला. समोरच्याच्या हातात काय आहे हे माहीत नसताना कसं वागावं, हा प्रश्न त्यांना पोकरमधे दिसत होता. इथवर मी अडतवाल्या दादांच्या बाजूने.

पण 2017 मध्ये अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या संगणकाने चार नामांकित खेळाडूंना हरवलं, तेव्हा डाव किती खेळवले? 1,20,000. कौशल्य कुठलं आणि नशीब कुठलं हे वेगळं काढायला इतके डाव मांडले. सेलूच्या भाऊंनी सांगितलेले दोन हात धरले तर चाळीस वर्षांच्या शेतीत ऐंशी होतात. लांबच्या पल्ल्यात बरोबरी होते हे गणित खरं आहे, पण लांबचा पल्ला आपल्या वाट्याला येत नाही.

अंबाजोगाईची_ताई
मला ही भाषाच नको वाटते. आमची चार एकर माझ्या आजोबांच्या तीन पत्तीत गेली. वडील दुसऱ्याच्या रानात सालाने राहिले. आता मोबाईलवर तेच आलं होतं. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

दादा, तुमचा मुद्दा मी नीट वाचला. निर्णय बरोबर होता, पत्ता वाईट पडला, असं तुम्ही म्हणता तसंच माझे आजोबा म्हणायचे. प्रत्येक वेळी. हरलेल्या माणसाला ही फार सोयीची वाट आहे. निकालाकडे बघायचं नाही म्हटलं की माणूस शिकणार कशावरून?

अडत_लातूर
ताई, तुमचं दुखणं मोठं आहे. त्यावर वाद घालत नाही. पण मी उलटं सांगतोय. जिंकलो त्या वर्षी मी चुकलो होतो, हे मला कबूल करायचं आहे. तिथे सोय नाही, त्रासच आहे.

तुम्ही म्हणता ती पळवाट बंद करायला मी दोन वर्षांपासून एक करतो. माल धरण्याआधी वहीत लिहितो: का धरतोय, कुठल्या तारखेपर्यंत, आणि भाव किती पडला की विचार न करता सोडायचा. नंतर पत्त्याला दोष द्यायला जागा उरत नाही, अक्षर माझंच असतं.

वाळूज_वर्कशॉप
वहीचं पटलं. मला मात्र पोकरमधलं पत्ते टाकणं जास्त शिकवून गेलं. एका कंपनीच्या कामासाठी कर्जाने मशीन घेतलं, काम आठ महिन्यांत थांबलं. हप्ते भरलेत म्हणून आणखी दीड वर्ष ते मशीन सांभाळलं. गेलेला पैसा मधल्या ढिगात गेला, तो आता माझा नाही, हे कळायला वेळ लागला.

आणि पोकरमधे पत्ते वाईट असताना चांगले असल्यासारखं दाखवतात, त्या हूल देण्याचं काय? खरेदीवाला म्हणतो, "दुसरा आठ रुपये कमीत द्यायलाय." खरं असतं की खोटं, कळत नाही. मी एकदा ताणून धरलं आणि काम गेलं.

सरकी_सेलू
हूल तर आपल्याकडे चालणारच नाही. हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, भाव लपवतात, मान्य. पण बैलाला खोड असेल ती लपवली तर पुढच्या वर्षी त्या माणसाच्या दावणीपुढे कुणी उभं राहत नाही. पोकरवाला उद्या दुसऱ्या टेबलावर बसेल. मला त्याच चाळीस गावांतून कापूस घ्यायचाय. भाव लपवणं वेगळं, खोटं बोलणं वेगळं. पत गेली की सीसीही जाते.

अडत_लातूर
हे शंभर टक्के कबूल. हूल मी पहिल्या पोस्टीत घेतलीच नव्हती, आता मुद्दाम बाहेर ठेवतो. गणिताच्या सरांचा ऐंशी हातांचा मुद्दाही मला खोडता येत नाही. म्हणून शेतकऱ्याने व्यापाऱ्याइतकी जोखीम घेऊ नये, असं माझं म्हणणं बदलतो. माझे वर्षाला शंभर सौदे होतात, त्याचे दोन.

अंबाजोगाईची_ताई
मग सरळ विचारते. घरात सोयाबीनचे 40 कट्टे आहेत. लेकीची फी डिसेंबरात. भाऊ म्हणतो संक्रांतीपर्यंत धर. तुमच्या हिशेबाने काय करू?

सरकी_सेलू
फीपुरता माल आधी विका, ताई. त्यात हिशेबच नको.

अडत_लातूर
भाऊंशी सहमत. उरलेल्याचं मात्र बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत बघा. मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याज, सहा महिन्यांची मुदत. व्याज निम्मं झालं की माझा तो बासष्ट-त्रेसष्टचा आकडा चौपन्नाच्या आसपास येतो. धरायचंच असेल तर असं धरा, सावकाराच्या पैशावर नको. माल वाळवून, चाळून न्या, ओल 12 टक्क्यांच्या आत पाहिजे. तुमच्याकडच्या समितीत योजना चालू आहे का आणि वखारीत जागा आहे का, ते उद्या सकाळी तिथल्या अडत्याला फोन करून विचारतो आणि इथेच लिहितो.