वडिलांना घरी टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पूर्ण पोषण) लावायचं आहे, अनुभव असणाऱ्यांची मदत हवी

नमस्कार मंडळी,

बाबा ६३ वर्षांचे. दीड महिन्यापूर्वी आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि लहान आतड्याचा मोठा भाग काळा पडला. तो काढल्यावर जेमतेम ८० सेंटीमीटर उरलंय. पेज दिली तरी जुलाबावाटे निघून जाते, म्हणून दंडातल्या पिक लाईनमधून (दंडाच्या शिरेतून हृदयाजवळपर्यंत नेलेली बारीक नळी) टीपीएन चालू आहे. उरलेलं आतडं हळूहळू सरावेल, पण त्याला वर्ष-दोन वर्षंही लागतील, तोवर रात्री बारा तास घरीच पिशवी लावा, असं डॉक्टर म्हणतात. नाशिकला आई एकटीच असते. मी पुण्याहून शनिवार-रविवारी जाते.

सुरुवातीला मला डॉक्टरांचाच राग आला होता. आठ दिवसांच्या उपाशी माणसाला इतकं थोडं का देताय, म्हणून मी भांडले. नंतर समजलं, उपाशी शरीरात एकदम साखर गेली की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. हृदयाची लय बिघडू शकते. थायामिन (व्हिटॅमिन बी१) आधी देऊनही बाबांचं फॉस्फरस तिसऱ्या दिवशी उतरलंच. रोज रक्त तपासत होते म्हणून वेळेत सापडलं.

खरी धास्ती पुढच्या प्रसंगाची आहे. तीन आठवड्यांनी पिशवी लावल्यावर अर्ध्या तासात बाबांना हुडहुडी भरून ताप आला. रात्रपाळीला तापाचं औषध देऊन सकाळची वाट बघितली. लाईनमध्ये जंतू निघाले, ती काढून दुसऱ्या दंडात नवी घालावी लागली. त्याआधी त्याच लाईनमधून रक्त काढणं, अँटिबायोटिक देणं सर्रास चालू होतं. हॉस्पिटलात हे होतं, तर घरी आईच्या हातून कसं निभेल?

पिशवी मध्येच बंद पडली तर साखर उतरते का? कावीळ होते म्हणतात, त्यावर लक्ष कसं ठेवायचं? आणि गल्लीतले डॉक्टर म्हणतात, लाईन कशाला, मी हाताच्या साध्या सुईतून चढवतो. चालेल का?

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षं आयसीयूत सिस्टर होते. शेवटचं आधी सांगते: साध्या सुईतून अजिबात नको. ही पिशवी इतकी दाट असते की हाताची शीर सुजते, बाहेर झिरपली तर कातडी जळते. ती हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतच जायला हवी.

लाईन फक्त टीपीएनला ठेवा. सेफ्ट्रियाक्सोनसारखं औषध त्यातल्या कॅल्शियमशी मिळून खडे धरतं. लाईनचं तोंड दर वेळी अल्कोहोलने किमान १५ सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं. आईंना हे डिस्चार्जआधी सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा करू दे, नुसतं बघून येत नाही. पिशवीत वर तेलाचा पिवळा थर किंवा कण दिसले तर ती वापरू नका. थंडी वाजून ताप आला तर पिशवी बंद करून रात्री दोनलाही हॉस्पिटल गाठा.

साखर उतरू शकते, म्हणून शेवटच्या तासाला वेग कमी करत आणतात. मध्येच थांबली तर ग्लुकोमीटर लावा, ७० च्या खाली असेल तर साखरपाणी देऊन लगेच फोन करा. लिव्हरला दिवसाची विश्रांती मिळते, हाही रात्रीच लावण्याचा एक फायदा आहे. झेपेल तेवढं तोंडाने खाणं चालू ठेवा, त्याने पित्त वाहतं राहतं. बिलिरुबिन (काविळीची रक्ततपासणी) किती दिवसांनी बघायचं ते लिहून घ्या.

धागाकर्ती

सिस्टर, मनापासून आभार. गल्लीतल्या डॉक्टरांना आजच नाही म्हणून सांगते. परवा डिस्चार्ज आहे, त्याआधी रात्री कुणाला फोन करायचा तो नंबर घेऊन फ्रिजवर चिकटवते. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट तासन्‌तास जाते. कुणी घरी पिशवी चढवायचा पंप वापरला असेल तर त्याची बॅटरी किती वेळ टिकते, एवढं सांगाल का?